हजेरीची सही म्हणजे संमती नव्हे

ऐरोलीजवळच्या दिवा गावात राहणारे माझे मामा सत्तरीला आले तरी भरती-ओहोटी पाहून ठाणे खाडीत होडी घालतात. खाडीकाठच्या एका मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीला जायचे त्यांनी ठरवले होते आणि गावातल्या चौघांना सोबत येण्यासाठी तयारही केले होते. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला तो आता आपण जाणार नाही, हे सांगण्यासाठी. कारण विचारले तेव्हा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर मला पाठवला. तोच मजकूर ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गटावरही येऊन गेला होता आणि मी तो न वाचता पुसला होता, याची आता खंत वाटते.

त्या मजकुरात पाच ‘सत्ये’ सांगितली आहेत. सुनावणीत हजेरीची सही केली की ती प्रकल्पाला संमती धरली जाते, तेव्हा तिकडे फिरकू नये. सुनावण्यांमुळेच ठाण्यातले टॉवर आणि नवी मुंबईचा विमानतळ रखडले. ज्याच्या नावावर सातबारा आहे तोच प्रकल्पाचा ‘भागधारक’, बाकीच्यांना बोलण्याचा अधिकार नाही. एका झाडामागे दहा झाडे लावली की हिशेब फिटतो. आणि हरित इमारतीचे प्रमाणपत्र मिळालेल्या प्रकल्पाने पर्यावरणाची हानी होतच नाही.

माझे अर्धे आयुष्य बांधकामांच्या जागेवर गेले आहे आणि पोटही त्यावरच चालले आहे, त्यामुळे मी प्रकल्पविरोधी आहे असे कोणी म्हणू नये. पण पहिल्या मुद्द्याने एक माणूस घरी बसला आहे, म्हणून सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्याच्याविषयीच लिहितो.

जनसुनावणी कशी घ्यायची हे केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेत, विशेषतः तिच्या चौथ्या परिशिष्टात, लिहिलेले आहे. सुनावणीची किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांतून सूचना द्यावी लागते, त्यांपैकी एक वर्तमानपत्र प्रादेशिक भाषेतले असावे लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, आयोजन राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ करते आणि सगळ्या कामकाजाचे चित्रीकरण होते. उपस्थित असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पाच्या मालकाकडून माहिती आणि खुलासा मागण्याची संधी द्यावी, लोकांनी मांडलेल्या म्हणण्याचा गोषवारा त्याच ठिकाणी स्थानिक भाषेत वाचून दाखवावा आणि त्यावर अध्यक्षांनी त्याच दिवशी सही करावी, असे हे परिशिष्ट सांगते. हजेरीबद्दल त्यात एवढेच आहे की उपस्थितांची नोंद घ्यावी आणि ती अंतिम इतिवृत्ताला जोडावी. संमतीचा तिथे प्रश्नच येत नाही, कारण जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिथे हात वर करून कोणी प्रकल्प मंजूर करत नाही की नामंजूरही करत नाही.

मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली, किंवा फार चांगली ठाऊक असलेली, गोष्ट याच परिशिष्टात पुढे आहे. सुनावणी सुरू करण्यासाठी गणसंख्येची अट नाही. मामा आणि त्यांचे चार सोबती आले नाहीत म्हणून सुनावणी रद्द होणार नाही. समोर वीस रिकाम्या खुर्च्या असल्या तरी ती पार पडेल, त्याचे इतिवृत्त आठ दिवसांत वर पाठवले जाईल आणि मच्छीमारांनी कोणतीही हरकत नोंदवली नाही, हे त्या कागदावरून आपोआप दिसेल. न जाण्याने प्रकल्पाला विरोध नोंदवला जातो, हा समज तर सहीच्या भीतीपेक्षाही घातक आहे. ज्याला सहीचा धसका आहे त्याने लेखी निवेदन द्यावे, त्याचीही सोय नियमात आहे. निवेदनाची पोच मात्र घ्यावी.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. अनेक सुनावण्या उरकल्या जातात. पाचशे पानांचा इंग्रजी अहवाल आणि त्याचा मराठीतला चार पानी सारांश, उत्तरादाखल ‘नोंद घेतली आहे’ हे ठरावीक वाक्य, हे मी स्वतः पाहिलेले आहे आणि लोकांचे म्हणणे मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञांच्या मूल्यमापन समितीवर बंधनकारक नसते, हेही खरे आहे. पण नोंदलेला प्रश्न समितीपुढे जातो, आणि मंजुरीला पुढे हरित न्यायाधिकरणात आव्हान द्यायचे झाले तर तोच कागद हाताशी असतो. विचारणा झाली की आराखडे बदलतात, हे ठाणेकरांनी बुलेट ट्रेनच्या बाबतीत पाहिले आहे. आधी कांदळवनातली सुमारे त्रेपन्न हजार झाडे तोडावी लागतील असा अंदाज होता. पर्यावरण मंजुरीच्या टप्प्यात ठाणे स्थानकाची मांडणी बदलली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा तो आकडा सुमारे बावीस हजारांवर आला होता. ही घट सुनावणीतल्या भाषणांनी झाली असा माझा दावा नाही. मात्र कोणी काही विचारलेच नसते तर मूळ नकाशा हलवण्याची तसदी कोणी घेतली असती, असे मला वाटत नाही.

विलंबाचा मुद्दा ऐकून तर हसूच येते. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण याच अधिसूचनेने इमारती आणि नगरवसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले आहे. घोडबंदर रस्त्यावरचा टॉवर जी सुनावणी कायद्याने कधी होणारच नव्हती तिच्यामुळे कसा रखडला, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे. तो टॉवर विकासकाच्या पैशांमुळे रखडला असेल, मालकीच्या वादामुळे रखडला असेल, पण हे कारण त्याला लागू पडत नाही.

विमानतळाचे साल पाहावे. केंद्राने २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली. ही तीन वर्षे पर्यावरणाच्या खाती टाकायची असतील तर खुशाल टाकावीत. भूमिपूजन मात्र फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. मंजुरी ते भूमिपूजन ही मधली सव्वासात वर्षे भूसंपादन, दहा गावांच्या पुनर्वसनाच्या अटी, वनविभागाची परवानगी आणि निविदा यांत गेली. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याची योजना ही त्या काळातल्या वाटाघाटींतूनच आली. नवी मुंबईत बोलणी आधी झाली नाहीत की काय होते, हे १९८४ साली जासई-उरण परिसरातल्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण जाऊन कळले होते, अशाच भूखंडांचे साडेबारा टक्क्यांचे धोरण त्यानंतरचे.

तिसऱ्या मुद्द्याचे मूळ एका चुकीच्या शब्दात आहे. सरकारी आणि कंपनी कागदपत्रांत हल्ली ज्यांचा प्रकल्पाशी हितसंबंध आहे अशा सर्वांना सर्रास ‘भागधारक’ म्हटले जाते, आणि मग कोणालाही वाटते की भाग, म्हणजे जमीन किंवा पैसा, ज्याचा असेल त्यालाच विचारायचे. अधिसूचनेला अभिप्रेत आहेत ते स्थानिक बाधित लोक आणि पर्यावरणावरच्या परिणामांशी ज्यांचा सकारण संबंध पोचतो असे इतर. त्यात सातबारा कुठेही नाही. खाडीचा सातबारा कोणाच्या बापजाद्यांच्या नावावर असणार? वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मच्छीमारांचा मासेमारीचा पारंपरिक हक्क मान्य करून त्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला, तो जमिनीचा एक गुंठा न विचारता. भाडेकरू आणि जागेवर राबणारे मजूरही बाधितांत येतात, पण त्यांना विचारायला कोणी जात नाही.

झाडांबद्दल थोडक्यात सांगतो. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी झाडे लावायची आहेत, म्हणजे ‘एकास दहा’ हा हिशेबच जुना झाला. कांदळवन तर भरतीचे पाणी जिथे येते-जाते तिथेच तगते. ऐरोलीचे तोडून त्याची भरपाई दुसऱ्या जिल्ह्यात लावली तर इथल्या खाडीतल्या कोळंबीच्या पिलांना आसरा कोण देणार? हरित इमारतीचे प्रमाणपत्र मुख्यतः इमारतीच्या कुंपणाच्या आतले पाणी, वीज आणि साहित्य तपासते. कुंपणाबाहेर रात्री दोन वाजता धावणारे डंपर त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्या प्रमाणपत्रापेक्षा मंजुरीच्या अटी पाळल्याचा जो अहवाल मालकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, तो मागून वाचावा.

मामांशी परवा पुन्हा बोललो. ते जाणार आहेत. निवेदनात त्यांनी तीनच प्रश्न लिहायला सांगितले: खोदलेला गाळ कुठे टाकणार, पावसाळ्याआधी होड्या काढायची वाट बंद होणार का, आणि झाली तर किती महिने. चौथा प्रश्न मी जोडला, तिसऱ्याचे उत्तर लेखी द्यावे असा.