फुकटच्या सॉफ्टवेअरला जाब कसा विचारावा

सर्वात आधी मनाशी पक्कं करा, की हे सॉफ्टवेअर फुकट लिहून देणारा माणूस आपला पगारी नोकर आहे. ओपन सोर्सच्या, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या, परवान्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की माल जसा आहे तसा घ्या, हमी कसलीही नाही. पण परवाना वाचतो कोण? गणेशोत्सवात वर्गणी न देता आपण महाप्रसादाला बसतोच की, आणि जिलबी संपली तर मंडळाच्या अध्यक्षाला बोलावूनही घेतो. इथेही तोच बाणा ठेवायचा.

असे प्रकल्प जिथे ठेवलेले असतात त्या गिटहब साइटवर इश्यू (म्हणजे तक्रार) उघडाल तेव्हा शीर्षक द्या : 'चालत नाही'. काय चालत नाही हे शोधून काढणं मेन्टेनरचं, म्हणजे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याचं, काम. तिथे बिचाऱ्याने तक्ता करून ठेवलेला असतो : व्हर्जन कोणतं, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, तुम्ही काय केलंत, मग काय झालं. तो आधी पुसून टाका. एरर मेसेज कॉपी करून चिकटवू नका. तसं केलं तर तो वाचता येतो. मोबाईलने मॉनिटरचा फोटो काढा, किंचित तिरका, म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड नेमका एररच्या ओळीवर पडेल. कडेला चहाचा कप आला तर उत्तमच. व्हर्जन विचारलं तर 'लेटेस्ट' म्हणावं. (लेटेस्ट म्हणजे २०१९ साली आपल्या भाच्याने टाकून दिलेलं.) आणि चुकून तुमचं तुम्हालाच उत्तर सापडलं, तर 'झालं, थँक्स' एवढंच लिहून इश्यू बंद करा. कसं झालं, हे गुपित आपल्याबरोबरच जावं.

मराठी भाषांतर अर्धवट असेल तर इंग्रजीतून खरमरीत तक्रार करा. उरलेल्या चाळीस ओळींचं भाषांतर करायला बसू नका. मराठीची सेवा करणारे वेगळे असतात, आपण अभिमानवाले.

मेन्टेनर म्हणेल, सध्या एक सुरक्षेची दुरुस्ती हातात आहे, तुमचा डार्क मोड नंतर बघू. नमतं घेऊ नका. 'आमच्या ऑफिसात सगळे हेच वापरतात, जमत नसेल तर आम्ही दुसरीकडे जाऊ,' असं बजावा. तुम्ही गेलात तर त्याचं शून्य रुपयांचं नुकसान होईल, पण धमकीत सूर महत्त्वाचा, रक्कम नाही.

मोठी कंपनी असाल तर प्रश्नच मिटला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअरमध्ये वापरायच्या तयार कोडमध्ये) सुरक्षेचं भयंकर भोक सापडलं. पुढच्या महिन्यात इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणाऱ्या कर्ल या फुकट साधनाचे कर्ते, स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीने प्रश्नावली धाडली : लॉगफोरजेचा तुमच्यावर काय परिणाम झाला, २४ तासांत कळवा. कर्लमध्ये लॉगफोरजे नाहीच, आणि कंपनीने त्यांना कधी छदाम दिलेला नव्हता. ते म्हणाले, सपोर्टचा करार करा, मग आनंदाने उत्तरं देतो. बघा, किती पैशाची हाव!

आता खरी गुरुकिल्ली, म्हणजे चिकाटी. दर चार दिवसांनी 'काही अपडेट?' विचारा. गाठीशी तीन-चार खाती असतील तर आलटून-पालटून विचारा. हा उपाय हमखास लागू पडतो, दाखला आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. असंख्य लिनक्स यंत्रांत असतं. ते लासे कॉलिन नावाचे गृहस्थ जवळपास एकट्याने सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे भुणभुण लावली : पॅच (लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, तुम्हाला रस उरलेला दिसत नाही, दुसरा मेन्टेनर नेमा. आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे, असं त्यांनी लिहून कळवलं. भुणभुण थांबली नाही. शेवटी 'जिया टॅन' नावाचा एक कामसू, नम्र मदतनीस पुढे झाला आणि किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खोदून पाहिलं म्हणून तो उघडकीस आला. जिया टॅन खरा कोण, ते आजवर कळलेलं नाही. ती भुणभुण करणारी नावंही बहुधा त्याच गोटातली. गंमत म्हणजे त्यांची पत्रं वाचताना कोणालाच संशय आला नाही. येणार कसा? आपण सगळे तसंच तर लिहितो.

इतकं करूनही मेन्टेनर हटला नाही आणि एके दिवशी प्रकल्पच कुलूपबंद करून मोकळा झाला, तर खचू नका. तिथे कॉमेंट करता येत नाही खरी. पण त्याच माणसाचा मुलीच्या शाळेच्या वेळापत्रकासाठी केलेला एखादा छोटा प्रकल्प शेजारीच असेल. तिथे नवा इश्यू उघडा : 'डार्क मोडचं काय झालं?'