तळ्यात की मळ्यात?

दोन राजांचं भांडण लागलं की मधला सरदार भरडला जातो, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर त्याच्याकडून पुन्हा सल्ला घेऊ नका. भांडण म्हणजे सुगी! पटत नसेल तर गास्तों फेबुसकडे बघा. चौदाव्या शतकातला, फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याचा हा सरंजामदार. फ्रान्स आणि इंग्लंडचं शंभर वर्षांचं युद्ध पेटलेलं असताना, 1343 मध्ये, बाराव्या वर्षी गादीवर बसला.

जहागिरी दोन हव्यात, एवढं पथ्य पाळा. गास्तोंची फ्वा फ्रान्सच्या राजाच्या छत्राखाली, तर बेआर्नवर नैऋत्य फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेनचा ड्यूक या नात्याने इंग्लंडच्या राजाचा दावा. 1347 मध्ये फ्रान्सचा दूत निष्ठेची आठवण करून द्यायला आला, तेव्हा या सोळा वर्षांच्या पोराने सांगितलं की फ्वामध्ये असतो तर हुकमाबाहेर गेलो नसतो, पण सध्या मी बेआर्नमध्ये आहे, आणि बेआर्न मला देवाने दिलंय, माणसाने नव्हे. तळ्यात चाकर, मळ्यात धनी! हा बाणेदारपणा त्याला सुचला तो क्रेसीच्या लढाईत इंग्लंडकडून फ्रान्सचा चुराडा होऊन वर्ष उलटल्यावर. स्वाभिमान वेळेआधी जागा झाला तर डोकं जातं.

इंग्लंडच्या युवराजालाही दुखवू नका. 1364 मध्ये गास्तोंने त्याच्यापुढे गुडघे टेकले, पण मार्सां आणि गाबार्दां या छोट्या मुलुखांपुरते. बेआर्नचं नाव निघालं की गुडघे दुखायचे.

दोन्ही राजांचे सरदार एकत्र येत नाहीत, असंही समजू नका. 1358 मध्ये फ्रान्समधले शेतकरी उठले, तेव्हा पॅरिसजवळच्या मो गावात अडकलेल्या राजघराण्यातल्या बायकांना सोडवायला गास्तों धावला. बरोबर कोण? इंग्लंडच्या राजाचा एकनिष्ठ सरदार, गास्तोंचा नातलग. समोर शेतकरी असले की राजा कुणाचा कोण, हे कुणी विचारत नाही. शेतकऱ्यांची कत्तल झाली.

टोपणनाव मात्र स्वतःच ठेवा, लोकांवर सोडू नका. याने सूर्यदेवाचं घेतलं: फेबुस.

आता पैसा. तो राजाकडून नाही, शेजाऱ्याकडून मिळतो. 1362 च्या डिसेंबरात लोनाकच्या लढाईत त्याने जुन्या वैऱ्याला, आर्मन्याकच्या काउंटला, पकडलं आणि सुटकेची किंमत लावली तीन लाख फ्लोरिन, म्हणजे सोन्याची नाणी. तेव्हापासून हा लढवय्या कमी आणि सावकार जास्त.

वारसाचं तेवढं बघायला हवं होतं. एकुलता एक औरस मुलगा 1380 मध्ये बापाच्याच हातून गेला. या बाबतीत माझ्याकडे सल्ला नाही.

मग 1390 मध्ये, देवाने दिलेलं ते बेआर्न आपल्या मागे फ्रान्सच्या राजाला मिळावं असा करार त्याने केला, वर एक लाख फ्रँक घेतले. पुढच्याच वर्षी अस्वलाच्या शिकारीहून परतल्यावर, जेवणाआधी हात धुताना तो कोसळला. आणि राजाला बेआर्न मिळालं? छे! दूरच्या एका चुलत वारसाने रोख रक्कम मोजून ते आपल्याकडेच ठेवलं.