त्या स्टेप्स नव्हत्या

गेल्या रविवारची तेरा वर्षांखालच्या मुलांची बास्केटबॉल मॅच. दोन पंचांपैकी एक एकोणीस वर्षांची मुलगी, पहिलाच सीझन. मी टेबलवर स्कोअरशीट लिहीत होतो. तिसरं क्वार्टर, म्हणून हातात लाल पेन. एका पोराने पळता पळता पास घेतला, तेव्हा उजवा पाय जमिनीवर होता. मग डावा, उजवा आणि ले-अप, म्हणजे पळत येऊन उडी मारत बास्केट. तिने दोन बोटं खाली केली, मी दोन पॉइंट मांडले. तेवढ्यात कठड्यापलीकडून एक बाबा ओरडले, "अहो, स्टेप्स आहेत! डोळे कुठे ठेवलेत?" म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकली, असं त्यांचं म्हणणं. मागोमाग आणखी चार-पाच जण सुरू झाले.

त्या स्टेप्स नव्हत्या. 2017 मध्ये फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, नियम बदलला. धावताना बॉल हातात येतो त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत (हीच 'झिरो स्टेप'), त्यापुढच्या दोन पावलांना मुभा आहे. आम्ही खेळायचो तेव्हा यावर शिट्टी वाजायची, हे खरं. पण ती मुलगी आजचा नियम पाठ करून आली होती.

मला जास्त राग आला तो त्या पोराच्या विरुद्ध संघाच्या कोचचा. त्यांना नियम माहीत आहे, माझ्यासोबतच क्लिनिकला, म्हणजे नियमांच्या शिबिराला होते. तरी दोन्ही हात पसरून तिच्याकडे बघत राहिले. पाच मिनिटांत त्यांच्या बेंचवरची पोरंही उभी राहून प्रत्येक शिट्टीला तसेच हात पसरू लागली. डाव्या हाताचं ड्रिबल बसायला त्याच पोरांना सहा महिने लागतात!

यावर टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाबद्दलचा फाऊल, देता येतो. कोचच्या स्वतःच्या वागण्याबद्दल दोन झाले की त्याला कोर्ट सोडावं लागतं. पण ज्यांना आपण वाकून 'सर' म्हणतो, त्यांना टेक्निकल द्यायला एकोणीस वर्षांच्या मुलीचा हात उठत नाही. म्हणून ही जबाबदारी आम्हा मोठ्यांची आहे. त्या दिवशी टेबलवरून उठून मी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. बोललो नाही, आणि ते मला आठवडाभर खातंय.

पंच चुकतात. चार्ज की ब्लॉक, म्हणजे धडकेत चूक बॉलवाल्याची की अडवणाऱ्याची, हे पंधरा वर्षं शिट्टी वाजवून आजही माझं कधी कधी चुकतं. खेळ थांबला की कॅप्टनने येऊन नीट विचारावं, आम्ही सांगतो. हरणाऱ्या संघाचा कॅप्टन तसाच आला होता, हात मागे बांधून. त्यांच्या कोचने बाराही पोरं खेळवली. समोरचा संघ 38 ने पुढे असूनही शेवटपर्यंत फुल कोर्ट प्रेस लावत होता, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर जाऊन अडवत होता, बिचाऱ्या पोरांना आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे नेता येईना.

मॅच संपल्यावर ती टेबलपाशी आली. बाटली उघडताना हात थरथरत होते. "सर, झिरो स्टेपच होती ना?"

"हो. शंभर टक्के."

काल तिचा मेसेज आला, या रविवारी जमणार नाही म्हणून. सहा मॅच आहेत, प्रत्येकीला दोन पंच लागतात, आणि आता माझ्याकडे तिघेच उरलेत.