झेरॉक्स म्हणालात ते लागलं मॅडम

मॅडम, आमच्या प्रेसनं छापलेल्या पुस्तकाला तुम्ही साइटवर एक स्टारचा रिव्ह्यू दिलात, त्यावर आधी सॉरी. मधली 10-12 पानं सुटून हातात आली, कव्हर तिरकं कापलंय, फोटोत स्पष्ट दिसतंय, चूक आमचीच. पुस्तकाची पाठ, म्हणजे पानं चिकटवतात ती कड, नीट खरवडली गेली नाही की गोंद धरत नाही, मग पत्त्यासारखी पानं निघतात. बघून पाठवायला पाहिजे होतं.

पण "420 रुपयांत झेरॉक्स काढून चिकटवलंय, निव्वळ लूट" हे काय पटलं नाही बगा. मशीन टोनरवर, म्हणजे शाईच्या पावडरवर चालतं, म्हणजे झेरॉक्सचीच थोरली बहीण, ते कबूल. पण हेच 320 पानी पुस्तक ऑफसेटला, म्हणजे प्लेटा करून छापायच्या मशीनवर घेतलं तर 16 पानी 20 फॉर्म (एका मोठ्या कागदावर 16 पानं), दोन्ही बाजू धरून त्याच्या 40 प्लेटा, आणि मग 500 प्रती तरी काढल्याशिवाय परवडत नाही, तुम्हाला तर पाहिजे होती एक. ऑर्डर आल्यावर ती एक छापली, त्या एकासाठी कव्हर, लॅमिनेशन, कटिंग सगळं वेगळं लावलं. "हे पुस्तक कुठंच मिळत नव्हतं" असं वर तुम्हीच लिहिलंय की ओ! 420 मधून साइटचं कमिशन जातं, कुरिअर जातं, लेखकाच्या घरच्यांना रॉयल्टी जाते. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून कागदाचा जीएसटी 12 चा 18 टक्के झाला, आणि पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून आम्ही भरलेला परतही मिळत नाही. उरतं किती ते इथं लिहीत नाही, लाज वाटते.

आणि रागवू नका, पण दुसऱ्या फोटोत पुस्तक उलटं दुमडून त्यावर चष्म्याचं घर ठेवलंय. चिकटवलेल्या बाइंडिंगचं पुस्तक वहीसारखं सपाट होत नाही ओ, चांगलं असलं तरी पाठ तडकते. असो, तुमचं आधीच सुटलं होतं म्हणता, मान्य.

खरं वाईट कशाचं वाटलं सांगू का, आमचं प्रेस साखर पेठेत, तुम्ही जुळे सोलापूरच्या, रिक्षानं फार तर अर्धा तास. पुस्तक मात्र साइटच्या पुण्याच्या गोदामात जाऊन मेच्या उन्हात परत सोलापुरात आलं, ते पण नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत. आतल्या पानावर प्रेसचा नंबर आहे, एक फोन केला असता तर त्याच दिवशी बदलून दिलं असतं, तुम्ही डायरेक्ट एक स्टार दिला. 28 वर्षं लग्नपत्रिका छापल्या, एकानं असं बोललेलं नाही.

गोंद जरा भारीतला वापरायचं चाललंय, पॅकिंगचंही बघतोय. तुमची नवीन प्रत कालच काढली, यावेळी पाठ मी स्वतः ओढून बघितली. पत्ता मेसेज करा, मुलगा घरी आणून देईल, पैसे नकोत. जुनी प्रत तेवढी त्याच्याकडं द्या, सुटलेल्या पानांसकट, गोंद कुठं कमी पडला ते कारागिराला दाखवायचंय.