शोध माझा, पाटी त्याची

निळाहिरवा ग्रह, भोवती झक्क कडी, आणि खाली 'प्रथम शोध' म्हणून भलत्याच माणसाचं नाव. काल रात्री गेममध्ये हे पाहिलं तेव्हापासून डोकं फिरलंय. घरात सांगितलं तर "मग तू दुसरा ग्रह शोध ना" असं उत्तर मिळालं. यांना काय सांगणार!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'एलिट डेंजरस' हा २०१४ साली आलेला गेम. त्यात आपली अख्खी आकाशगंगा आहे, खऱ्या मापाची, सुमारे ४०० अब्ज तारामंडळं (एकेक तारा आणि त्याचे ग्रह). इतकी वर्षं इतके लोक भटकतायत, तरी तिचा एक टक्काही कुणी पाहून संपवलेला नाही. तेव्हा नवी जागा सापडण्यात कौतुक नाही, खरी मारामार पाटीवर नाव लागण्याची आहे. आणि ते आधी पाहणाऱ्याचं लागत नाही, आधी माहिती विकणाऱ्याचं लागतं. म्हणजे पाहा, साठवा, वस्तीपर्यंत जीव मुठीत धरून परत या आणि कार्टोग्राफिक्सच्या, म्हणजे ही माहिती विकत घेणाऱ्या, खात्यात जमा करा. वाटेत जहाज फुटलं की सगळं मुसळ केरात.

मी होतो बीगल पॉइंटच्या बाजूला, आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला. सूर्यापासून सुमारे ६५,००० प्रकाशवर्षं. एका उडीला पन्नास धरली तरी तेराशे उड्या. उडी मारायची, ताऱ्याला घासून इंधन भरायचं, मंडळात काय काय आहे ते टिपणाऱ्या स्कॅनरचा भोंगा वाजवायचा, पुन्हा उडी. मध्येच एखादं कृष्णविवर समोर येतं आणि मागची अख्खी आकाशगंगा त्याच्याभोवती वाकून पसरते, तेव्हा तेवढ्यापुरते कष्ट विसरायला होतात. मग पुन्हा भोंगा. अशा भोंग्याभोंग्यांतून तो ग्रह सापडला. पृथ्वीसारखे ग्रह मुळातच दुर्मीळ, त्यात कडीवाला. मी त्याच्या रात्रीच्या बाजूला जाऊन थांबलो. वस्तीच्या ग्रहांवर त्या बाजूला शहरांचे दिवे दिसतात. इथे ठार काळोख, आणि कडेला वातावरणाची एक निळी रेघ. खूप वेळ नुसता बघत बसलो. पृथ्वीसारख्या ग्रहावर गेममध्ये उतरता येतच नाही, त्यामुळे बघण्यापलीकडे काही करताही येत नाही.

पुढे काही उड्यांवर एक माणूस भेटला. तिथे माणूस भेटणं हाच मुळात चमत्कार. त्याचा पहिला संदेश: "ट्रिटियम आहे का?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही, ट्रिटियम. या गृहस्थांचं फ्लीट कॅरियर होतं, म्हणजे इतर जहाजं ज्यावर उतरतात असं, गेममधल्या पाच अब्ज क्रेडिटचं धूड. एका उडीत पाचशे प्रकाशवर्षं जातं, पण ट्रिटियमवर चालतं, आणि ते संपलेलं.

"नाही हो," मी म्हटलं.

"जहाज कुठलं तुमचं?"

"ॲस्प एक्सप्लोरर."

"अजून ॲस्पच?"

मी गप्प बसलो. पुढची बरीच मिनिटं त्यांनी मला भटकंती कशी करावी ते शिकवलं. मार्ग कसा आखावा, साठा कुठे ठेवावा, उष्णता कशी सांभाळावी. "हे सगळं नियोजनाचं काम आहे," असं इंधन संपून अधांतरी लटकलेला माणूस मला सांगत होता.

शेवटी मुद्द्यावर आले. "बर्फाळ कडीवाला ग्रह पाहिलात का कुठे? त्यातच ट्रिटियम मिळतं."

पाहिला होता. माझ्या त्या ग्रहाच्याच मंडळात एक वायुग्रह होता, बर्फाळ कड्यांचा. पत्ता दिला. अडल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? या गेममध्ये 'फ्युएल रॅट्स' नावाची मंडळी २०१५ पासून अडकलेल्या जहाजांना फुकट इंधन पोचवतायत, कुठेही, कितीही लांब. त्यांच्यापुढे मी दिलेला पत्ता म्हणजे किस झाडकी पत्ती. पत्त्याबरोबर हेही सांगितलं की तिथेच एक पृथ्वीसारखा ग्रह आहे, वाटेत बघून घ्या, छान आहे.

"मला काय करायचंय त्याचं? माझं काम ट्रिटियमशी."

मग मी विचारलं, "तुमच्या कॅरियरवर उतरू का? कार्टोग्राफिक्सची सोय असेल तर माझी माहितीही विकून टाकतो."

"सोय आहे. पण परवानगी फक्त मित्रांना. सेटिंगच तशी केलीय. आता बदलत बसायचं म्हणजे..."

बदलत बसायचं म्हणजे काय, हे वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. खाणकामाला गेले.

आणि काल ती पाटी. नुसता 'प्रथम शोध' नाही, 'प्रथम मापन' सुद्धा त्यांचंच. जाताजाता भोंगा वाजवला, सवय आहे, असं म्हणाले असते तर मी एकवेळ गिळलं असतं. पण भोंग्याने मापन होत नाही. त्यासाठी मुद्दाम ग्रहापाशी जावं लागतं, प्रोब सोडावे लागतात, चारही बाजूंनी. ट्रिटियमवाल्याला हे कशाला हवं होतं? मंडळातल्या फालतू दगडांवर मात्र त्यांनी मापनाची तसदी घेतलेली नाही. ते माझ्यासाठी सोडलेत.

न राहवून विचारलं. उत्तर लगेच आलं.

"अरे, तुझा होता का तो? तू अजून विकला नव्हतास?"

आधी 'तुम्ही' होतो, नाव लावून घेतल्यावर एकदम 'तू' झालो.

"कुठे विकणार? मागे हजारो प्रकाशवर्षं काही नाही."

"म्हणून सांगतो, कॅरियर घे."

पाच अब्ज! माझ्यासारख्याने दगड मोजून ते जमवायचे म्हणजे आधी पाट्या लागायला हव्यात, आणि पाट्या लागायच्या तर कॅरियर हवं. नियम म्हणे सगळ्यांना सारखा. असेल. दारातच विक्रीची खिडकी असलेल्याला आणि मला तो सारखाच लागू आहे, यात त्या नियमाला काही गैर वाटत नाही.

हे लिहीत असतानाच पडद्यावर एक सूचना आली. गृहस्थांनी मैत्रीची विनंती पाठवली आहे. सोबत ओळ: "आता कॅरियरवर उतरायला हरकत नाही. आणि परत येताना नवीन काही सापडलं तर आधी मला कळव."