फेरिटिन चांगलं म्हणजे लोह भरपूर, असं नाही

'फेरिटिन चांगलं असेल तर सीओपीडीच्या रुग्णाने लोहाची काळजी करू नये' हे लेखातलं वाक्य मला खटकलं. (फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, आणि सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार.) माझ्या वडिलांना ब्रॉन्किएक्टेसिस आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यात कफ साठतो. गेल्या पावसाळ्यात कफ हिरवा-घट्ट झाला, ताप आला, तेव्हा हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ४१० होतं. आम्ही निर्धास्त झालो. दीड महिन्याने संसर्ग उतरल्यावर तेच फेरिटिन ४८, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती भरलंय ते) जेमतेम ११ टक्के! म्हणजे लोहाची कमतरता आधीपासून होती, सुजेमुळे आकडा फुगला होता. फेरिटिनसोबत सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) आणि सॅच्युरेशन बघायलाच हवं, हे लेखात यायला हवं होतं.

आणि दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. संसर्गात यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि रक्तातलं लोह मुद्दाम आटवतं, कारण जंतूंनाही तेच हवं असतं. स्यूडोमोनास हा जंतू तर पायोव्हर्डिन नावाचं रसायन सोडून लोह अक्षरशः ओढून घेतो. १९७८ मध्ये सोमालियातल्या भटक्या लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लोह दिलेल्या गटात संसर्ग कितीतरी जास्त आढळले, क्षयसुद्धा उफाळला. म्हणून आमच्या डॉक्टरांनी ताप असताना लोहाच्या गोळ्या दिल्या नाहीत, कफ पांढरा झाल्यावरच सुरू केल्या. तेव्हा मला राग आला होता, आता त्यांचं पटतं. बाबा आता मधल्या पायरीवर न टेकता दुसऱ्या मजल्यावर येतात.