डिझाइन ऑफिस मीही पाहिलंय की!

‘एक अभियंता, निपाणी’ यांस,

आपली प्रतिक्रिया वाचली. ती आता पार तळाला गेली आहे, म्हणून इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं: बीमच्या, म्हणजे तुळईच्या, हिशोबावरचा माझा लेख 1638 ला सुरू होतो आणि 1930 ला येऊन थांबतो. आज सगळीकडे ज्या मॅट्रिक्स पद्धतीवर (सगळी समीकरणं एकत्र मांडून संगणकाने सोडवायची) काम चालतं तिच्या वाट्याला एक ओळ येते. बीम किती भार पेलेल याचं गॅलिलिओचं उत्तर चुकलेलं असताना अर्धा लेख त्याच्यावरच खर्च झालाय. आकृती एकही नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘लेखकाची हौस दिसते, पण आज डिझाइन ऑफिसात काम कसं चालतं याची त्यांना कल्पना नसावी.’

आकृतीचं मान्य. बीमबद्दल आकृतीशिवाय लिहू नये. पुढच्या वेळी कागदावर काढून फोटो टाकीन.

पण ‘कल्पना नसावी’? मला आपण ओळखता का? मी तर आपल्याला ओळखत नाही, कारण आपण नावही दिलेलं नाही. टीका करा की, कोण नको म्हणतंय? पण समोरच्याने काय काम केलंय हे न विचारता त्याची पायरी ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?

मग सांगतोच. सांगलीहून डिग्री घेऊन आलो आणि बेळगावच्या टिळकवाडीत एका कन्सल्टंटकडे उमेदवारीला लागलो. फुलस्केप कागद आडवा धरायचा, रकाने आखायचे. वर डिस्ट्रिब्युशन फॅक्टर (जॉइंटवरचा मोमेंट, म्हणजे बीम वाकवणारा जोर, कुणाच्या वाट्याला किती), खाली फिक्स्ड एंड मोमेंट (टोकं जखडलेली धरून येणारा), मग बॅलन्स म्हणजे वाटणी, कॅरी ओव्हर म्हणजे त्याचा निम्मा पलीकडच्या टोकाला, परत बॅलन्स. तिसऱ्या फेरीला आकडे इतके बारीक होत की साहेब म्हणायचे, ‘पुरे आता, सळई काय दशांशात मिळत नाही.’ ही हार्डी क्रॉस या अमेरिकन अभियंत्याची 1930 ची पद्धत, जिला आपण ‘इतिहासजमा’ म्हणता. त्याआधी क्लापेरॉनचं 1857 चं तीन मोमेंटचं समीकरण होतं, 1915 पासून मॅनीची स्लोप डिफ्लेक्शन पद्धत होती. पण बीम-खांबांची चार मजली फ्रेम घेतली की अज्ञातं वाढत जायची आणि ती सगळी समीकरणं एकदम सोडवायला लागायची. क्रॉसने सांगितलं, सगळे जॉइंट आधी जखडा, मग एकेक सोडत जा. मूळ लेख 10 पानांचा. त्यावर चर्चा झाली ती त्याच्या कितीतरी पट पानांची, आणि लिहिणारे नावानिशी लिहीत होते.

पुढे ऑफिसात संगणक आला, तोही शिकलो. काही वर्षांपूर्वी हिंडलग्याकडच्या एका बंगल्याचं ड्रॉइंग तपासायला माझ्याकडे आलं. कुणी केलं होतं ते सांगत नाही. तीन खांबांवरून जाणारा सलग बीम, 4-4 मीटरचे दोन स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), मीटरला 20 किलोन्यूटन भार. मधल्या खांबावर वरच्या अंगाला नुसत्या दोन 10 एमएमच्या सळ्या. प्रिंटआउट बघितला तर तिथला मोमेंट शून्य! मॉडेल भरताना कुणीतरी त्या जॉइंटला दोन्हीकडून रिलीज देऊन ठेवला होता, म्हणजे तिथे मोमेंट घ्यायचाच नाही असं सांगून ठेवलं होतं, आणि सॉफ्टवेअरने निमूटपणे दोन सुटे बीम सोडवून दिले होते. त्याची काय चूक? जे सांगितलं ते केलं.

आता हाताने बघा. 20 गुणिले 4 चा वर्ग भागिले 12, म्हणजे फिक्स्ड एंड मोमेंट 26.67 किलोन्यूटन-मीटर. टोकाचा आधार मोमेंट घेत नाही असं धरून तो सोडला, की त्याचा निम्मा, 13.33, मधल्या खांबाकडे जातो. झाले 40. पलीकडूनही 40 च, म्हणून जॉइंट जागचा हलत नाही आणि फेरी तिथेच संपते. एवढ्याला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. 40 च्या जागी शून्य धरून तो स्लॅब ओतला असता तर खांबाच्या डोक्यावर बीमला वरून तडा ठरलेला. सळई बांधून झाली होती, ती सोडायला लावली. कॉन्ट्रॅक्टर कन्नडमध्ये काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता म्हणा, कल्पना कुणाला नाही ते.

गॅलिलिओचं म्हणाल तर, त्याचं उत्तर चुकलं हे मीच लेखात लिहिलंय, तुम्ही मला काय सांगताय? भिंतीत रोवलेला बीम खालच्या कडेभोवती फिरतो आणि सगळ्या छेदावर सारखाच ताण येतो, असं त्याने धरलं. त्यामुळे ताकद तिप्पट निघाली. पण रुंदी दुप्पट केली तर ताकद दुप्पट आणि उंची दुप्पट केली तर चौपट, हे त्याचं बरोबर होतं. आपल्याकडचा सुतार वासा उभा बसवतो तो याच कारणाने, त्याने पुस्तक वाचलेलं नसलं तरी. ताण कुठे संपतो आणि दाब कुठे सुरू होतो हे मधल्या काळात परां आणि कुलोंब या फ्रेंचांनी ओळखलं, पण ते नीट मांडून अभियंत्यांच्या हाती पडलं नेव्हिये या फ्रेंच अभियंत्याच्या 1826 च्या व्याख्यानांतून. चुकलेल्या उत्तरापासून बरोबर उत्तरापर्यंत यायला जवळजवळ 190 वर्षं गेली, त्याला अर्धा लेखही कमीच. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या दगडी जैन मंदिरात, छताकडे मान वर करून बघताना हा ताण कुठून जातो असं तुमच्या मनात कधी आलं नसेल, तर माझा नाइलाज आहे.

मॅट्रिक्स पद्धत. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानाच्या पंखांच्या कामातून निघालेला 1956 चा लेख मला ठाऊक आहे. रचनेचे छोटे तुकडे पाडून हिशोब करायच्या त्या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफने 1960 ला दिलं, तेही. एका लेखात सगळं मावत नाही, आणि काय घ्यायचं ते लिहिणारा ठरवतो. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

तुमच्यासाठी एक छोटं काम ठेवतो. भार तोच, मीटरला 20. स्पॅन मात्र एक 4 मीटरचा, दुसरा 6 चा, दोन्ही टोकं साधी टेकलेली, बीमचा छेद सगळीकडे एकच. मधल्या आधारावरचा मोमेंट काढा. उत्तर पूर्णांकात येतं. संगणक बंद ठेवून काढा आणि पायऱ्यांसकट इथेच खाली लिहा.